जयवंताबाईंचं मनोगत

ऋषिकेश देवतळेचा धंदा दुसऱ्यांच्या तोंडी शब्द घालण्याचा. कार्डावर ‘जनसंपर्क सल्लागार’ छापलेलं असलं तरी काम तेच. गाड्यांच्या शोरूमचं उद्घाटन असलं की मालक काय म्हणाले हे ऋषिकेश आदल्या दिवशीच लिहून ठेवायचा, आणि ‘कार्यक्रम उत्साहात पार पडला’ हे वाक्य तर मांडव पडायच्या आधीच पेपरवाल्यांकडे पोचलेलं असायचं. बावीस वर्षांत एकाने तक्रार केली नाही. उलट लोक पेपरात स्वतःचं मनोगत वाचून खूश व्हायचे आणि फोन करून सांगायचे, “काय मस्त बोललो यार मी.”

माणूस समाधानी होता. सक्करदऱ्याला स्वतःचं घर, दारात निगुतीने सांभाळलेली जुनी एस्टीम गाडी, आणि शनिवारी संध्याकाळी बायकोबरोबर गच्चीवर वाइनचा एक पेला. दुसरा नाही, कारण श्वेता बाटली उचलून आत नेते. त्या एका पेल्यावर त्याची तत्त्वज्ञानं चालायची. माणसांनी समोरासमोर बसून बोलू नये, गाडीत शेजारी बसून बोलावं, असं त्याचं ठाम मत होतं. गाडीत दोघांचेही डोळे रस्त्यावर असतात, त्यामुळे अवघड गोष्ट जिभेवर सहज येते. वाइन मात्र गप्प ठेवली तर सुधारते आणि माणूस गप्प ठेवला तर आंबतो, हे त्याचं दुसरं मत. श्वेता म्हणायची, “हे तुमच्या गिऱ्हाइकांना ऐकवा, मला कुकर लावायचाय.”

डिसेंबरात त्याच्याकडे सावनेरच्या अलीकडच्या एका गावचा प्रेमानंद ठाकरे आला. बांधावरच्या जांभळांचा दरवर्षी झाडाखाली चिखल व्हायचा, त्यांची ह्याने परवाना काढून वाइन केली होती. ऋषिकेशने चाखली आणि त्याला ती मनापासून आवडली. तुरट, थोडी आंबट, शेवटी गोड. शेतातल्या वाइनच्या शेडचं उद्घाटन ठरलं होतं, त्याची बातमी त्याने त्याच दिवशी लिहिली. “आई येईन ना कार्यक्रमाले?” विचारल्यावर प्रेमानंद जरा घुटमळून “येईन बहुतेक” म्हणाला होता, तेवढ्यावर ह्याने आईचंही मनोगत ठोकून दिलं: ‘लेकाच्या वाइनचा पहिला घोट घेतला आणि जन्माचं सार्थक झालं.’ त्या माउलीला विचारायला हवं होतं. पण विचारायची पद्धतच नव्हती.

आई कार्यक्रमाला आली नाही. बातमी मात्र फोटोसकट छापून आली.

आठ दिवसांनी, रविवारी सकाळी प्रेमानंदचा फोन आला. “भाऊ, घोटाळा झाला. आई माळकरी हाय. गळ्यात तुळशीची माळ, चाळीस वर्षं भजनात. मी हे काम सुरू केलं तवापासून, आठ महिने झाले, माह्याशी बोलत नाही. माया बायकोच्या, गोपिकाच्या तोंडून निरोप देते. ‘सांग त्याले, भात घे.’ आता तर भजनाच्या बाया तिले विचारून राहिल्या, जयवंताबाई, कशी लागते वं वाइन? आज पिशवी भरून ओट्यावर बसली. काटोलले बहिणीकडे जातो म्हणते, कायमची.”

“तू काय म्हणाला?”

“मी काय म्हणू? मले पायलं का तोंड फिरवते. मी वावरात येऊन बसलो.”

ऋषिकेश ताडकन उठला. एका घरातली माय आपल्या एका वाक्यापायी घर सोडून चालली होती. त्याने एस्टीम काढली. कोराडी मागे पडली, उजव्या हाताला खापरखेड्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसल्या, आणि एरवी ह्या रस्त्यावर गुणगुणणारा माणूस सगळा वेळ माफीनामा जुळवत राहिला. तिसऱ्या मसुद्यापर्यंत तो चांगला सफाईदार झाला होता.

जयवंताबाई खरोखरच ओट्यावर होत्या. किडकिडीत, ताठ, मांडीवर पिशवी. मागे दाराच्या चौकटीला गोपिका रडवेली उभी होती. सफाईदार मसुदा ऋषिकेशने बाजूला ठेवला.

“मावशी, मी प्रेमानंदचा दोस्त. चला, सावनेरच्या स्टँडवर सोडतो.”

ऑटो येत नव्हता, म्हणून त्या बसल्या. गाव मागे पडल्यावर रस्त्यावरची नजर न हलवता तो म्हणाला, “मावशी, पेपरातलं ते वाक्य प्रेमानंदनं नाही सांगतलं. मी लिहिलं. माया मनानं.”

“तुया मनानं? माया तोंडी?”

“हो.”

“काहून?”

बावीस वर्षांत हा प्रश्न त्याला कुणी केला नव्हता. “सवय आहे मावशी. आमच्या धंद्यात असंच करतात.”

कपाशीची दोन वावरं मागे गेली. मग जयवंताबाई बोलल्या, पण आवाज बदलला होता. “मी समजून राहिली का लेकानं मायच्या नावानं खोटं सांगतलं. दारू बनवते ते बनवते, वरून मले प्यालेली दाखवते. म्हणून निघाली मी.” त्यांनी पदराने डोळे पुसले. “मंग त्यानं हे मले सांगतलं काहून नाही?”

“तुम्ही कुठं बोलून राहिल्या त्याच्याशी? गोपिकाच्या हातून भाताचाच निरोप जाते.”

आपण फार बोललो असं ऋषिकेशला वाटलं. समोर सावनेरचा स्टँड दिसायला लागला तेव्हा त्या म्हणाल्या, “गाडी पलटव. वावरात ने.”

शेडच्या दारात प्रेमानंद उभा होता. आई उतरताना पाहून तो दोन पावलं मागेच सरला. जयवंताबाईंनी त्याला खालीवर न्याहाळलं.

“काहून रे, जेवला का नाही?”

आठ महिन्यांतलं पहिलं वाक्य. प्रेमानंदने नकारार्थी मान हलवली. जयवंताबाई ऋषिकेशकडे वळल्या. “तू बाहेर उभा राय बाप्पा. हे लिहाचं नाही.”

तो जांभळाखाली उभा राहिला. आत काय बोलणं झालं ते त्याला कळलं नाही, आणि आश्चर्य म्हणजे कळावंसंही वाटलं नाही. अर्ध्या तासाने मायलेक बाहेर आले तेव्हा दोघांचे डोळे लाल होते आणि काटोलचा विषय संपला होता. ऋषिकेश घाईघाईने म्हणाला, “मावशी, मी पेपरात खुलासा छापतो.”

“पेपरावर दुसऱ्या दिवशी भजे ठेवतात. गुरुवारी भजनाले ये, अन् त्या बायांले तोंडानं सांग.”

गुरुवारी दुपारी मारुतीच्या देवळात पंधरा बाया टाळ घेऊन बसल्या होत्या. पुढाऱ्यांची भाषणं लिहिणारा ऋषिकेश उभा राहिला तर त्याला घाम फुटला. खिशात लिहून आणलेला कागद होता, तो त्याने काढलाच नाही. “ते वाक्य मी लिहिलं होतं. खोटं होतं. मावशीनं एक थेंब घेतला नाही. चूक माझी आहे,” एवढं म्हणून तो खाली बसला.

बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. कोपऱ्यातल्या सिंधूताईंना मात्र राहवलं नाही. “मंग लागते तरी कशी वं ते, जयवंता?”

“मले काय मालूम? मी कुठं पेली?” जयवंताबाईंनी टाळ उचलले. “पण माया लेकाच्या हातची हाय. वाईट कायले असन?”

ऋषिकेशचा हात सवयीने पेनाकडे गेला. मग तो हात त्याने मांडीवर ठेवला आणि भजन सुरू झालं तसा बायांबरोबर ताल धरला.