बोलका घुमट

हर्सूलच्या पुढं, माळावरच्या त्या जुन्या घुमटापाशी सकाळपासून गाड्या लागत होत्या. कधीकाळी कुण्या सरदारानं बागेत गारव्याला बसायला बांधलेली ती इमारत. बाग गेली, सरदार गेला, चार भिंती आणि वरचा घुमट तेवढा राहिला. गेल्या वर्षापासून मात्र तिथं मेलेली माणसं बोलू लागली होती. कुणी नवऱ्याचा फोटो घेऊन आलं होतं, कुणी लेकराचं झबलं. आत जाऊन आलेला प्रत्येक जण रडत बाहेर यायचा, आणि त्याचं रडणं पाहून मागची रांग आणखी पुढं दाटायची.

दारात अप्पा महाराज बसलेले. "हा घुमट नाय, कान हाय," ते येणाऱ्याला सांगत. "वरच्या लोकाचा कान. डाव्या कोपऱ्यात बसा, तोंड भिंतीकडं करा आन आपल्या माणसाला हळूच हाक मारा. मोठ्यानं नाय हं. मेलेल्याला कलकल सोसत नाय. आन समोरच्या पडद्याकडं बघायचं नाय. आत अखंड दिवा हाय, बघणाराचे डोळे जातात."

विशाखा पायरीशी आईची वाट पाहत उभी होती. ती लासूर स्टेशनच्या शाळेत विज्ञान शिकवायची. आईच्या, सत्यभामाबाईंच्या, छातीत गाठ निघाली होती आणि सोमवारी शहरातल्या दवाखान्यात ऑपरेशन होतं. "चिरफाडीच्या आधी एकदा शहर बघू दे," आई म्हणाली होती. म्हणून विशाखाची मैत्रीण अरफा आज दोघींना फिरवत होती. अरफा शहागंजात राहायची, वास्तुकलेच्या कॉलेजात शिकवायची. सकाळी लेणी झाली, मग बीबी का मकबरा. तिथंच कुणीतरी बाई भेटली आणि आईनं या घुमटाचा हट्ट धरला.

सत्यभामाबाई बाहेर आल्या. त्या रडत नव्हत्या. चेहरा एकदम हलका झाला होता.

"तुझे बाबा बोलले," त्या म्हणाल्या. "नाव घेऊन हाक मारली मला. म्हणले, शस्त्र लावू देऊ नको. अप्पा लेप देतील, गाठ विरंल. आपण सोमवारी जायचं नाय."

विशाखा म्हणाली, "आई, बाबांनी उभ्या जन्मात आपल्या घरात अंगारा येऊ दिला नाय. लेप लाव म्हणतील ते?"

"मेल्यावर माणसाला जास्त कळत असंल."

"आवाज त्यांचाच होता?"

"हळू बोलले, कुजबुजल्यावानी. पर तेच होते. रेल्वेतल्या नोकरीचं बी बोलले."

रेल्वेचं कसं कळलं ते विशाखाच्या लगेच ध्यानात आलं. चपला सांभाळणाऱ्या बाईनं मघाशी किती मायेनं आईची सगळी चौकशी केली होती! पण आईला आता काही ऐकायचंच नव्हतं. पुन्हा बोलायचंय म्हणून ती रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.

अरफानं विशाखाला बाजूला ओढलं. "शिकत असताना आम्ही ही इमारत मोजायला आलो होतो. एका कोपऱ्यात भिंतीला तोंड लावून बोललं की बरोबर समोरच्या कोपऱ्यात ऐकू येतं. आवाज वरच्या कमानीला धरून पलीकडं उतरतो. मधे आमचे सर उभे असायचे, आम्ही त्यांची चेष्टा करायचो, त्यांना पत्ता नाही."

"समोरच्या कोपऱ्यात आता पडदा आहे," विशाखा म्हणाली.

आणि कुजबुज कुणाची हे ओळखायचं तरी कसं? तिच्या वर्गात मागच्या बाकावर कुणी कुजबुजलं, तर कोण ते तिला कधी सांगता येत नसे. कुजबुजीत कंठ नसतोच, नुसता वारा असतो. ज्याला जो हवा, तो त्याला त्यात ऐकू येतो.

दुपारी अप्पांनी पितरांचा विसावा जाहीर केला. जेवणानंतर मेलेल्यांनाही डुलकी लागत असावी. ते दार सोडून मागच्या शेडमध्ये जेवायला गेले, रांग लिंबाच्या सावलीला पांगली. विशाखा इमारतीच्या मागं गेली, तेव्हा पडद्याच्या कोपऱ्यातल्या खिडकीतून एक दांडगा माणूस घाम पुसत खाली उतरला आणि शेडकडं जेवायला गेला. तो अप्पांचा भाचा शिवराज.

"मी मावशीला आत नेऊन बसवते," मागोमाग आलेली अरफा म्हणाली. "तू खिडकीतून जा. आणि ऐक, सरळ बाबांच्या नावानं सांग ना, ऑपरेशन करून घे म्हणून. आजच्या आज काम होईल."

विशाखा खिडकीवर चढली.

पडद्याआड दिवा नव्हता. एक बाकडं, पाण्याची बाटली आणि गुटख्याच्या पुड्या. तिनं कोपऱ्याला कान लावला. थोड्या वेळानं आईचा श्वास कानाशी आला, जणू शेजारीच बसली होती.

"अहो, सत्यभामा आलीय परत. ऐकताय ना? पोरीला राग आलाय. तिला खरं सांगितलं नाय मी. मला चाकूचं भ्या नाय. भूल दिल्यावर उठलेच नाय, तर पोरगी एकटी पडंल, त्याचं भ्या वाटतंय. तुम्ही नको म्हणलात, लई बरं वाटलं."

विशाखानं तोंड भिंतीकडं वळवलं. एक वाक्य पुरेसं होतं. 'उठशील तू, करून घे.' आई ऐकेल. आणि उद्या दुसऱ्या कुणाची कुजबुज आली तर तीही ऐकेल. शिवाय या क्षणापासून विशाखा आणि शिवराज यांच्यात फरक तो काय राहणार?

"आई," ती भिंतीशी म्हणाली, "मी हाय. विशाखा. समोरच्या पडद्याआड."

पलीकडून अगदी बारीक, "कोण?"

"विशाखा. इथं बाबा नायत, आई. इथं एक बाकडं हाय नुसतं."

मागं खिडकी करकरली. शिवराजनं तिचा दंड धरला. "कोण गं तू? कुणी सोडलं तुला आत?" त्याचा आवाज घुमटभर घुमला. बाहेरची माणसं धावत आत शिरली. अप्पा हात पसरून आडवे झाले. "पडद्याला हात लावू नका, डोळे जातील!"

पडदा ओढला तो सत्यभामाबाईंनी. त्यांनी बाकडं पाहिलं, पुड्या पाहिल्या, लेकीचा दंड धरणारा हात पाहिला. शिवराजनं हात सोडला.

"हिच्या पापानं पितर पळाले," अप्पा म्हणाले.

"पळाले नायत," सत्यभामाबाई म्हणाल्या. "आलेच नव्हते."

गर्दी मात्र विशाखावरच चालून आली. झबलं घेतलेल्या आशाबाई पुढं झाल्या. "तुझं काय जात होतं? माझी पोर बोलली व्हती मला. आता ती बी नेलीस."

सत्यभामाबाईंनी आशाबाईंना हाताला धरून डाव्या कोपऱ्यात बसवलं. मग स्वतः समोर जाऊन भिंतीला तोंड लावलं. मधल्या लोकांना काही ऐकू आलं नाही. आशाबाई तेवढ्या दचकल्या, मागं वळल्या आणि झबल्यात तोंड घालून रडू लागल्या.

"काय बोलली?" कुणीतरी विचारलं.

"म्हणली, मी लासूरची सत्यभामा. मला बी असंच फसवलं," आशाबाई म्हणाल्या.

मग एकेक जण कोपऱ्यात बसून पाहू लागला. अरफा प्रत्येकाला वरची कमान दाखवत होती. पोलिसांना तिनं आधीच फोन केला होता. ते आले तेव्हा अप्पा शेडमागून निघायच्या तयारीत होते. जादूटोणाविरोधी कायद्याखाली अप्पा आणि शिवराज, दोघांवर गुन्हा दाखल झाला.

परतीच्या वाटेवर आईनं विशाखाचा हात धरला. मग म्हणाली, "मी बोलले ते समदं ऐकलंस?"

"व्हय."

"मग?"

"मग भुलीच्या डॉक्टरलाच विचारू. भ्या वाटतं म्हणून सांगू."

सोमवारी सत्यभामाबाईंनी खरंच विचारलं. डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून बसल्या. धोका किती, काळजी काय घेतात, सगळं सांगितलं. सगळं ठीकच होईल असं वचन काही त्यांनी दिलं नाही. ते न दिल्यामुळंच सत्यभामाबाईंना त्यांचा भरवसा वाटला. ऑपरेशन झालं. पुढचे उपचार अजून चालू आहेत.

आता लासूरला कुणी दुखणं घेऊन बाबा-महाराजाकडं निघालं, की सत्यभामाबाई आडव्या येतात. "आपल्या माणसाची आठवण यावी, रडावं बी," त्या सांगतात. "पर दुखण्याचं औषध त्याला विचारा, जो तुमच्यासमोर बसून, डोळ्याला डोळा भिडवून सांगतो. न दिसणाऱ्याचं ऐकू नका. आधी पडदा ओढा."