बागेचं पाणी

चित्रकार विठ्ठलराव मुंबईहून मारेगावजवळच्या आपल्या गावी परतले, तेव्हा तिथे नुसती मुरमाड जमीन होती. बाग त्यांनी कागदावर काढली. खड्डे गावातल्या तुळसाबाईनं मजुरीवर खणले. वीस वर्षं गुलाब, मोगरा, सोनचाफा तिनंच जगवला. त्या फुलांची चित्रं दिल्लीपर्यंत गेली. विठ्ठलराव हिवाळाभर राहत आणि उन्हं तापली की मुंबई गाठत.

२००६ साली ते निघाले तेव्हा गावाची दशा वाईट होती. लाल्या रोगानं कापूस गेला होता, मजुरी नव्हती. एप्रिलात गावची विहीर आटली. बागेच्या विहिरीला तेवढं पाणी होतं. "पाणी फक्त झाडांना," असं विठ्ठलराव बजावून गेले होते, आणि फाटकाची किल्ली तुळसाबाईकडे होती.

आठ दिवस तिनं पाण्याला आलेल्या बायांना परत पाठवलं. तिची जाऊ रुक्माबाई रिकामा हंडा घेऊन उभी राहिली.

"तुह्या गुलाबाले पाणी हाये, अन् माह्या सुनेले नाही? पोटुशी हाये ते."

तुळसाबाईनं फाटक लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी ती सून दोन कोसांवरून पाणी आणताना वाटेत पडली. पोर पोटातच गेलं.

त्या संध्याकाळी तुळसाबाईनं फाटक उघडलं. पाणी गावाला आणि बागेला, दोन्हींना पुरणारं नव्हतं. मेअखेर गुलाब गेले, मग मोगरा.

बाग वाळल्याचं कळलं तसे जूनमध्येच विठ्ठलराव आले.

"कुणाला विचारून पाणी दिलंस?"

"कोनालेच नाही. लोक तहानले होते."

"वीस वर्षांची बाग होती माझी."

"मीच लावली होती, साहेब."

त्यांनी किल्ली मागून घेतली. मग पंधरा दिवस त्या वाळल्या बागेत बसून चित्र काढलं. चित्र फार गाजलं. दुष्काळात चित्रकारानं स्वतः विहीर गावाला दिली आणि बाग मरू दिली, असं पेपरात छापून आलं.

एक वार्ताहर गावात आला. तुळसाबाई शेजारीच बसली असताना त्यानं हे खरं का, असं रुक्माबाईला विचारलं.

"हो जी," रुक्माबाई म्हणाली, "साहेबायनंच देल्लं पाणी."

तो गेल्यावर ती हळूच म्हणाली, "विहीर त्यायची हाये, बाई. उद्या फाटक लावलं तं?"

"मले समजते," तुळसाबाई म्हणाली. पण त्यानंतर बरेच दिवस ती जावेशी बोलली नाही.

पुढच्या पावसाळ्यात विठ्ठलरावांनी नवी रोपं आणून तिला बोलावलं. ती गेली नाही. लोकांच्या शेतात तण निंदायला जाऊ लागली. यवतमाळहून माळी आला. त्याला तिथली जमीन कळली नाही, आणि दिवाळीपर्यंत अर्धे गुलाब जळाले. निंदताना कुणीतरी हे सांगितलं. तुळसाबाईला बरं वाटलं. आणि बरं वाटलं याचाच दिवसभर राग येत राहिला.