अंगठ्यावर तोललेलं दार

ये, असा जवळ सरकून बस. गोष्ट सांगतो. देवादिकांची नाही, व्हिडिओ गेममधल्या एका दाराची आहे. पण मन लावून ऐक बाबा, कारण त्या दाराशी एक माणूस खरोखरच अडकला होता.

दोघं बहीणभाऊ. ताई परक्या भाषेतले गेम आपल्या भाषेत आणायची. धाकटा लिफ्ट दुरुस्त करायचा. धाकट्याच्या बायकोचा, म्हणजे ताईच्या भावजयीचा, गळा असा की भजनात ती मागे उभी राहिली तरी पुढच्यांचे सूर जागेवर राहावेत. म्हणून ताईनं तिला एका गेममध्ये दिवेवालीचा आवाज द्यायला नेलं. जमिनीखालच्या नगरीत माणसं कोंडलेली. खेळणारा वीर होऊन त्यांना सोडवतो आणि दिवेवाली पुढे उजेड धरते.

शेवट मात्र चमत्कारिक. राक्षस मेला तरी गेम संपत नाही. बाहेर जायचं दगडी दार खाली येऊ लागतं. ते वीरानं खांद्यावर तोलायचं, म्हणजे खेळणाऱ्यानं एक बटण दाबून धरायचं. बाकीचे बाहेर पडतात, दिवेवाली शेवटचं वाक्य बोलते आणि उजेड जातो. पुढे काहीच नाही. ना तुतारी, ना गेम करणाऱ्यांची नावं. नुसता काळोख आणि वीराचा श्वास. बटण कधी सोडायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं. सोडलं की दार पडतं. तोच शेवट.

गेम बाजारात येण्याआधीच तापाचं निमित्त झालं आणि भावजय गेली.

पुढे एके दिवशी धाकटा कामावर गेला नाही, फोनही उचलेना. दुपारी ताईनं आपल्याकडच्या किल्लीनं त्याचं घर उघडलं. पडदे ओढलेले. ओट्यावर दूध फाटून पडलेलं. आत कुणीतरी जड श्वास घेत होतं, आणि तो श्वास धाकट्याचा नव्हता. टीव्हीतून येत होता.

"सोन्या?"

"हळू बोल."

तो जमिनीवर बसला होता. कंट्रोलरवरचा अंगठा तसाच दाबलेला, नख निळं पडलेलं.

"कधीपासून बसलायस असा?"

"काल राक्षस मेला तेव्हापासून."

"अरे, गेम आहे तो! सोड."

"मला वेड नाही लागलेलं, ताई. ती गेली, मीच पोचवून आलो. पण ती म्हणाली, 'आपण निघू या.' आपण! म्हणजे मला घेतल्याशिवाय हलायची नाही. चपला घ्यायला गेलो तरी मी येईपर्यंत दुकानाची पायरी उतरायची नाही ती. दारातच उभी असणार. आणि दारात माणूस असताना हात सोडायचा नसतो. आमच्या धंद्यात आधी हेच शिकवतात."

"मग काय करणार आहेस?"

"तेच बघतोय. दारही धरायचं आणि तिच्यासोबतही जायचं, हे जमवायचं कसं." हे त्यानं अगदी शांतपणे सांगितलं. त्याची नजर टीव्हीवरून हलली ती थेट गॅलरीकडे. ताई उठली, गॅलरीचं दार लावलं आणि त्याला पाठ टेकून बसली.

तिला आता कळलं, घोळ कुठे झालाय. मूळ परक्या भाषेतल्या वाक्यातला शब्द ऐकणाऱ्याला धरूनही चालायचा, वगळूनही. आपल्या भाषेत मात्र निवडावंच लागतं, 'आपण' की 'आम्ही'. तिनं फोन काढला आणि भावजयीचं सगळ्यात पहिलं रेकॉर्डिंग शोधून लावलं.

"आम्ही निघतो. आता दार सोडा." मग खोकला, मग हसू. "वन्सं, हे फार तोडल्यासारखं वाटतं हो. नुसतं 'आपण निघू या' म्हणू का?"

त्यावर ताईचा स्वतःचा आवाज : "म्हण की. गोड वाटतंय."

धाकट्यानं बहिणीकडे पाहिलं. ती नजर वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.

"परत लाव."

तिनं लावलं.

"आम्ही म्हणजे कोण कोण?"

"तू सोडवलेले सगळे रे. ती म्हातारी, ते विणकर, तो लंगडा पहारेकरी. सगळे तिच्याभोवती आहेत."

"म्हणजे एकटी नाही ती."

"नाही."

"आणि दारातही नाही?"

"केव्हाच पुढे गेली. तुला निरोप द्यायचा होता, तो माझ्यामुळे राहिला."

मग धाकट्यानं अंगठा उचलायला घेतला, तर उचलेना. ताईनं जवळ येऊन तो हात मांडीवर घेतला आणि लहान मुलाची मूठ सोडवावी तसा अंगठा हळूहळू सोडवला.

दार धाडकन पडलं. वीराचा श्वास थांबला. दोघं काळ्या पडद्याकडे कान लावून बसली. आता दाराखालून तिची किंकाळी येईल, मग येईल.

आली नाही.

"दुखतंय गं," धाकटा म्हणाला.

माझं मागणं एवढंच, बाबा. देवापुढे हात जोडशील तेव्हा त्या दिवेवालीला क्षणभर आठव.