फुटला तरी चालेल असा डग्गा

मी डग्गा बोलतोय. तबल्याच्या जोडीतला डावा, तांब्याचा, पोटाने मोठा. आता मी आफ्रिकेत असतो. इथे मला कोणी डग्गा म्हणत नाही.

मला घडवलं एका तांबटाने आणि वाजवलं एका तबलजीने. तबलजी एका गाण्याच्या क्लासमध्ये साथीला बसायचा. एकदा जिन्यावरून घरंगळलो, पोटाला मोठा पोचा आला आणि आवाज बसला. त्याने नवा डग्गा आणला आणि मी कपाटावर गेलो.

मग क्लासच्या बाईंनी सगळ्यांची आफ्रिकेची सहल ठरवली. तबलजीने मला खाली काढलं. बायको म्हणाली, चांगला न्या की. तो म्हणाला, "विमानात आपटतात सामान. हा फुटला तरी चालेल."

तिथल्या हॉटेलच्या अंगणात एक ढोलवाला वाजवायचा. लग्नाकार्यांतही त्यालाच बोलावणं असे. पहिल्याच संध्याकाळी तबलजीने तोंडाने बोल म्हटले आणि त्याने ते जसेच्या तसे ढोलावर काढून दाखवले. मग काय, मुक्काम संपेपर्यंत दोघांची रोज बैठक. भाषा एकमेकांची येत नव्हती, अडलं तर गाईड इंग्रजीतून सांगायचा, पण फारसं अडत नव्हतं. तबलजीला ताप आला तेव्हा ढोलवाला उशाशी बसून राहिला. निघायच्या आदल्या दिवशी तबलजीचे डोळे भरून आले होते, तेही खरं होतं. मी मांडीपाशीच होतो.

निघताना ढोलवाल्याने आपला ढोल तबलजीच्या हातात दिला. अख्ख्या खोडातून कोरलेला, मामाने दिलेला, एकुलता एक. आता काहीतरी देणं भाग होतं. तबलजीने तबला पिशवीत सारला आणि मला पुढे केलं. एक शिष्या हळूच म्हणाली, "सर, हा तर बिघडलेला आहे ना?"

"गप बस. त्याला काय कळतंय?"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फोटो निघाले. पुढच्या वर्षी येतो, शिकवतो, असं तबलजीने गाईडकडून सांगितलं.

ढोलवाला मला घेऊन हॉटेलात वाजवायला बसला. मी नुसता भद्द करायचो. मॅनेजर म्हणाला, जुनं वाद्य आण, नाहीतर येऊ नकोस. लग्नांची बोलावणीही आटली. तो गोदामात पोती उचलू लागला. बायको मला पातेलं म्हणायची. तो मात्र संध्याकाळी दुखऱ्या हातांनी मला पुसायचा आणि म्हणायचा, हात माझाच बसत नाहीये, तो आला की शिकवेल.

वर्षाने क्लासची मंडळी पुन्हा आली. तोवर मला इथली भाषा कळू लागली होती. ढोलवाला धुतलेला सदरा घालून, मला काखेत घेऊन हॉटेलवर गेला. एव्हाना ढोलाचं कातडं बदलायला झालं असेल म्हणून त्याने नवं कातडं कमावून आणलं होतं. तबलजी कुठे दिसेना. त्याने गाईडला विचारायला लावलं.

बाई आपल्या माणसांकडे वळून म्हणाल्या, "अगं बाई, हा अजून त्यांचीच वाट बघतोय. ते कुठले येतायत? आणि त्या ढोलात त्यांची सून छत्र्या ठेवते."

सगळे हसले. मग बाईंनी गाईडला इंग्रजीत सांगितलं, खूप आठवण काढतात म्हणावं, ढोल दिवाणखान्यात ठेवलाय. दिवाणखान्याचं तेवढं खोटं नव्हतं.

ढोलवाल्याचा चेहरा फुलला. तिथे मराठी आणि इथली अशा दोन्ही भाषा कळणारा मी एकटाच होतो आणि मला तोंड नव्हतं. त्याने कातडं दिलं. बाईंनी ते दोन बोटांत धरलं, नाक जरा वाकडं केलं आणि आभार मानले.

मंडळी गेल्यावर ते कातडं हॉटेलच्या न्हाणीघरात, कचऱ्याच्या डब्यामागे सापडलं. खोल्या झाडायला होती ढोलवाल्याचीच मेहुणी. तिने ते ओळखलं आणि घरी आणून दिलं.

त्याने कातडं मांडीवर पसरलं आणि त्यावरून हात फिरवला. बायकोने विचारलं, काय झालं?

"तो वारला," ढोलवाला म्हणाला. "त्यांना सांगवलं नाही. मग हे कोणासाठी नेतील?"

कातडं कुठे सापडलं, ते बहिणीने तिला दारातच सांगितलं होतं. तरीही दुसऱ्या दिवशी तिनेच शेजारीपाजारी जाऊन सांगितलं, यांचा परदेशातला मित्र गेला.

माणसं भेटायला आली. खाली मान घालून बसली. ढोलवाल्याने सुरी घेतली, माझ्या चामड्याच्या वाद्या कापल्या, तोंडावरची शाई लावलेली जुनी पुडी उतरवली आणि ते नवं कातडं माझ्यावर ताणून बसवलं. मग तो वाजवू लागला; पोचा होताच, पण त्या जाड कातड्याने मला ढोलासारखा आवाज दिला. तबलजीचे बोल त्याला सगळे पाठ होते. ऐकताना म्हातारे डोळे पुसत होते.

तेव्हापासून मी लग्नांत वाजतो. माझा मालक मित्राबद्दल बोलतो ते गेलेल्या माणसाबद्दल बोलावं तसं, फक्त चांगलं.

तबलजी तुमच्या ओळखीचा असेल, तर माझं एवढं काम करा. त्याला इकडे येऊ देऊ नका. इथे त्याच्यासाठी माणसं रडली आहेत.