पान उलटण्याआधीचा श्वास

मित्रांनो, टेबलाच्या कोपऱ्यात जो पत्र्याचा ओबडधोबड डबा दिसतो आहे ना, तो मी. मी एक जुना हेडफोन अँप्लिफायर आहे. नाव भारदस्त असले तरी काम साधे आहे. माझ्या शेजारचा छोटा डबा, ज्याला डॅक म्हणतात, तो संगणकातल्या आकड्यांचा आवाज करतो. तो आवाज असतो अगदी अशक्त. त्याला बळ देऊन मी हेडफोनपर्यंत पोहोचवतो. दोघांपैकी महत्त्वाचा कोण, यावर शौकीन लोक तावातावाने वाद घालतात. आम्ही दोघे मात्र एकाच वायरीने बांधलेले. भांडून जाणार कुठे?

रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका काकांनी मला घडवले. माझे अंग बिस्किटांच्या डब्याच्या पत्र्याचे, तर आवाजाचे बटण एका मोडक्या रेडिओचे. रूपाच्या नावाने आनंदच आहे, पण काकांनी आतला एकेक टाका जीव लावून जोडला. मी त्यांच्या मित्राकडे आलो. या घरची मुलगी त्यांना बाबा म्हणते, म्हणून मीही बाबाच म्हणतो.

बाबा छापखान्यात यंत्रावर होते. दिवसभर कानाशी नुसता धडधडाट. कानात बोळे घाला म्हणून कोणी सांगितले, तर ते हसण्यावारी नेत. यंत्राचा सूर बदलला की बिघाड कळतो, कान बंद करून कसे चालेल, असे त्यांचे म्हणणे असे. त्यामुळे घरी आल्यावरही ते ओरडूनच बोलत. मग आई म्हणायची, "चपलांबरोबर छापखानाही बाहेर काढून येत जा."

आई शाळेत शिकवत असे. मुलगी शिकायला वसतिगृहात गेली आणि घरच्या आठवणीने रडू लागली, तेव्हा आईने तिच्यासाठी गोष्टी मोठ्याने वाचून संगणकावर साठवल्या. ते काम माझ्यासमोरच चाले. आई वाचायची आणि बाबा हेडफोन लावून ऐकायचे. प्रत्येक पान उलटण्याआधी आई एक हलका श्वास घ्यायची, मग कागद सळसळायचा. हे काढून टाका, असे ती अनेकदा म्हणाली. बाबांनी ऐकले नाही.

"राहू दे," ते म्हणाले. "त्यावरून कळतं, तू इथंच बसलीयेस."

मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते. पुढे आई आजारी पडली आणि त्या दुखण्यातून उठलीच नाही. त्यानंतर बाबा रोज संध्याकाळी माझ्यापुढे बसू लागले. मुलीसाठी वाचलेल्या गोष्टी आता तेच ऐकत. श्वास आला की त्यांचे डोळे मिटत. मी माझे काम चोख करत होतो.

एके दिवशी त्यांनी तीच गोष्ट मागे नेऊन पुन्हा ऐकली. मग माझे बटण जास्त फिरवले. मग माझ्या वायरी काढून फडक्याने पुसल्या. "श्वास खातोय हा," ते पुटपुटले. माझ्यावर असा आळ आजवर कोणी घेतला नव्हता. मला फार लागले.

मग घरात नवे डबे येऊ लागले. कधी नवा डॅक, कधी नवा अँप्लिफायर, तर कधी दोन्ही कामे एकटाच करणारा एखादा काळाकुळकुळीत शहाणा. छापखान्यात बाबा दोन छापील कागद शेजारी ठेवून पारख करत, तसेच ते आम्हाला शेजारी ठेवून पाहू लागले. गडद शाईचा कागद पहिल्या नजरेला नेहमीच उजवा वाटतो, त्याला भुलू नये, हे ते नवख्या कामगारांना शिकवत आले होते. आवाजाचेही तसेच असते. जो डबा जरा मोठ्याने बोलतो तोच चांगला वाटतो. म्हणून तुलना करताना दोघांचा आवाज आधी सारखा करावा लागतो. नेमके हेच बाबा विसरले. मोठ्याने बोलणाऱ्या प्रत्येक नव्या डब्याचे चार दिवस कौतुक होई, मग तोही श्वास खातो म्हणून बाजूला पडे. मी तर केव्हाच कपाटावर गेलो होतो. अंगावर धुळीचा थर साचला होता.

मुलगी सुटीवर आली तेव्हा बाबांनी मला खाली काढले. तूच ऐक आणि यातला कोणता डबा कमी बिघडलाय ते सांग, म्हणाले. तिने आधी माझा आणि नव्याचा आवाज अगदी सारखा करून घेतला. मग हेडफोन लावले. ऐकता ऐकता तिचे डोळे भरून आले.

"दोन्ही सारखेच आहेत, बाबा. जुन्यातही काही बिघडलेलं नाही."

"आणि श्वास?"

"येतोय ना. प्रत्येक पानाला."

बाबांनी तिच्या डोक्यावरचे हेडफोन हळूच काढून एक बाजू स्वतःच्या कानाला लावली, दुसरी तिच्या कानाशी राहू दिली. तिने आईचा श्वास येताच बोट वर केले. बाबा त्या बोटाकडे पाहत राहिले. पुढच्या पानाला तिने पुन्हा बोट वर केले. बाबांनी नाही म्हणून मान हलवली.

"म्हणजे डबे ठीक आहेत," ते म्हणाले. "ती माझ्याच कानातून जातीये."

माझ्यावरचा आळ गेला, पण मित्रांनो, मला जराही बरे वाटले नाही. कानांच्या डॉक्टरांनीही तेच सांगितले. वर्षानुवर्षांच्या धडधडाटाने कानांतून बारीक आवाज आधी जातात आणि गेलेले परत येत नाहीत. कानात घालायचे यंत्र मिळाले. त्याने बोलणे कळू लागले, श्वास मात्र नाही.

मुलगी होती तोवर रोज हेडफोन लावून बसे आणि श्वास आला की बोट वर करी. बाबा समोर बसून तिच्या बोटाकडे पाहत. मग सुटी संपली आणि ती गेली.

मित्रांनो, यंत्राला झाकण असते, ते बिघडले तर कोणीतरी काका पुन्हा टाके जोडतो. तुमच्या कानांना असा काका नाही. गोंगाटात त्यांना जपा, आणि हेडफोन लावाल तेव्हा माझ्यासारख्याचे बटण बेताने फिरवा. आवडीची माणसे जवळ बसून बोलत असतील, तेव्हा तर नीट ऐकून घ्या.

बाबा आजही संध्याकाळी मला सुरू करतात. हेडफोन भिंतीवरच्या खिळ्यालाच टांगलेले असतात. गोष्ट सुरू होते, माझी पाठ कोमट होते, आणि तिच्यावर तळहात ठेवून ते बसून राहतात. प्रत्येक पानाला आई श्वास घेते. मी तो खिळ्यावरच्या हेडफोनपर्यंत न चुकता पोहोचवतो.