सज्ज्यातले पाहुणे

आमच्या सेंट बार्नबस चर्चच्या दोनशेव्या वाढदिवसाला मिस ओझेलांनी यावं, एवढाच माझा हट्ट होता. अमेरिकेच्या या दक्षिण भागात वयस्क बाईला, लग्न झालेलं असलं तरी, मानाने 'मिस'च म्हणतात. त्यांची आजी लहानपणी इथलीच. गुलामी संपल्यावर काळी मंडळी आम्हा गोऱ्यांतून उठली आणि रस्त्यापलीकडे त्यांनी आपलं वेगळं चर्च बांधलं. प्रार्थना तीच, बिशप तोच, पण तो रस्ता कुणी ओलांडला नाही.

त्यांची लेक व्हर्नेल माझी जुनी मैत्रीण, आम्ही एकाच शाळेत शिकवायचो. "आई त्या दारात पाय ठेवायची नाही, लुसिल," ती म्हणायची. मी पिच्छाच पुरवला. शेवटी नव्वदी ओलांडलेली म्हातारी आपल्या चर्चची मंडळी घेऊन यायला कबूल झाली.

आमच्याकडे बाकं घराण्यांची असतात. पाहुणा आला म्हणून कुणी आपलं बाक सोडत नाही. गावोगावचे नातेवाईक येणार म्हणून मीच बाकाबाकाला पांढऱ्या फिती बांधल्या. मग पलीकडच्या मंडळींना कुठे बसवायचं? वरचा सज्जा मोकळा होता. वारा छान लागतो, सगळं दिसतं. चांगली जागा दिली म्हणून मी मनात खूश! चर्चच्या इतिहासाची पुस्तिका मीच लिहिली आहे, आणि त्या जागेचं जुनं नाव, 'गुलामांचा सज्जा', हे शब्दही त्यात मीच छापलेत. इतकी कशी मी मठ्ठ?

पहिल्या गीताला मी सहज मान वर केली. कठड्याशी जांभळ्या हॅटमध्ये मिस ओझेला बसल्या होत्या, त्यांच्यामागे त्यांची सगळी माणसं. तेव्हा कुठे मला पुस्तिकेतले ते शब्द आठवले. उठावं, त्यांना खाली माझ्या बाकावर आणावं, असं वाटलं. पण शेजारी चुलतभाऊ, मागे त्याची सासू. भर प्रार्थनेत तमाशा नको म्हणून मी गाणं म्हणत राहिले.

प्रभुभोजनाला पुढच्या बाकापासून एकेक रांग उठते. सज्जा सर्वांत शेवटी. द्राक्षारस पाजायचं काम त्या दिवशी माझ्याकडे होतं, प्याला माझ्या हातात होता. व्हर्नेलच्या आधाराने जिना उतरून मिस ओझेला समोर आल्या.

"मिस ओझेला, मला माफ..." मी पुटपुटले.

"प्याला नीट धर, पोरी. सांडशील."

नंतर जेवणाच्या दालनात व्हर्नेलने ताटाला हातही लावला नाही.

"माझ्या लक्षातच आलं नाही गं," मी म्हणाले.

"तेच तर," ती म्हणाली. "आणि मी आईला सांगत होते, लुसिल तसली नाही."

मान खाली घालून मी मिस ओझेलांपुढे टोमॅटोतल्या लाल भाताची ताटली ठेवली. त्यांनी दोन घास खाल्ले.

"भात बरा झालाय. मी आजीला विचारायचे, वरून काय दिसायचं गं? ती म्हणायची, नुसत्या हॅटा. कुणी मान वर करेल तर शपथ."

"मी केली होती," मी घाईने म्हणाले. "मी पाहिलं तुम्हाला."

"हो, पाहिलंस खरं," त्या म्हणाल्या. "आणि बसून राहिलीस."