दसऱ्याचा हार

उमरेड रोडवर ट्रेलर आडवा उभा होता आणि त्यावरची खाणीची अवजड मोटर घसरून पार कडेला आली होती. मागे अडकलेल्या गाड्या एकसारख्या हॉर्न मारत होत्या. दसऱ्याच्या दिवशी भरल्या ताटावरून उठून अंकुश आपली हायड्रा क्रेन घेऊन आला होता, त्यामुळे त्याचं डोकं आधीच तापलेलं होतं.

"काहून गा, पट्टा सैल झाला तं दिसला नाही तुले?" तो ट्रेलरच्या ड्रायव्हरवर, बळीरामवर खेकसला.

"दिसला नं भाऊ. पण पट्टा आवळाच्या दांड्यावरच मालकीणबाईनं पूजेचा हार बांधला होता. सणासुदीचा तोडू कसा?"

"हारापायी लोकं मारतं का बे?"

पुटपुटतच अंकुशनं मोटरीला साखळ्या घातल्या, त्या क्रेनच्या आकड्यात अडकवल्या आणि कॅबिनमध्ये चढून दांडा ओढला. मोटर हळूहळू उचलली गेली. एवढ्यात समोरच्या काचेवर झेंडूचं एक फूल टपकन पडलं. मग दुसरं.

त्यानं वर पाहिलं. साखळी निसटू नये म्हणून आकड्याला असलेली खिट्टी सताड उघडी होती. त्याच्या बायकोनं, सुभद्रानं सकाळी पूजा करताना हार उघड्या खिट्टीवरूनच आवळून बांधला होता, त्यामुळे ती मिटलीच नव्हती.

मोटर हवेत लोंबकळत होती. खाली बळीराम तिला हात लावून उभा होता.

अंकुशनं दांडा होता तिथेच थांबवला. हार सकाळीच त्याच्या नजरेत खुपला होता. पण सणासुदीचा तोडायचा कसा, म्हणून तोही गप्प बसला होता.